सांगलीची हळद आणि छातीतली जळजळ

सांगलीत हळदीचा हंगाम सुरू झाला की मार्केट यार्डातून परतणाऱ्या माणसाच्या कपड्यांनाही तिचा वास येतो. 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या हळदीवर आमचा जीव आहे, म्हणूनच छातीत जळजळू लागले की ‘पित्ताची गोळी सोड आणि झोपताना हळद-दूध घे’ असा सल्ला घरोघरी मिळतो.

हळदीची खरीखुरी चाचणी झालेली आहे. थायलंडमधील डॉक्टरांनी अपचनाच्या 206 रुग्णांचे तीन गट करून एकाला हळदीतले कर्क्युमिन, दुसऱ्याला ओमेप्राझोल ही आम्ल कमी करणारी पित्ताची गोळी आणि तिसऱ्याला दोन्ही दिले. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. मात्र निव्वळ बिनऔषधी गोळी घेणारा चौथा गट नसल्यामुळे, त्यातला किती आराम औषधाचा आणि किती आपसूक पडलेला, हे सांगता येत नाही. शिवाय हे रुग्ण पोट जड होण्याचे, पोटाच्या वरच्या भागात दुखण्याचे होते. छातीत जळजळ करणारा, आम्ल अन्ननलिकेत उलटून येण्याचा विकार वेगळा.

मात्रेचा हिशेबही करून पाहावा. चाचणीत रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन दिले होते. हळदीत ते साधारण 3 टक्के धरले, तर त्यासाठी सुमारे 67 ग्रॅम, म्हणजे वीसहून अधिक चमचे हळद लागेल. आपण दुधात घालतो ती चिमूटभर.

आणि दुधाचे काय? ते घशाखाली उतरताना थंडावा वाटतो, पण त्यातील प्रथिने व कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल स्रवायला लावतात. त्यातच भरल्या पोटी आडवे झाले, की अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली झडप सैल पडताच ते आम्ल सहज वर चढते. म्हणून माझ्या आत्याने झोपतानाचा तो कप बंद केला, रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी आणले आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. नुसत्या उशा रचल्या तर अंग पोटात दुमडते. पलंगच 15-20 सेंटिमीटर उचलला, तर उतारामुळे आम्ल खालीच राहते. डाव्या कुशीवर झोपण्यानेही फरक पडतो, आणि या उपायांना चाचण्यांचा आधार आहे.

खाण्याच्या सोड्याने आम्ल लगेच मारले जाते हे खरे, परंतु त्यातील सोडियम रक्तदाबाच्या रुग्णाला परवडणारे नाही. घास अडकणे, काळी शौचास होणे, वजन घटणे यांपैकी काही असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. दुखणे हाताकडे वा जबड्याकडे जात असेल, तर ते हृदयाचे समजून तातडीने दवाखाना गाठावा. बरेच महिने चाललेली ओमेप्राझोलसारखी गोळी एकाएकी सोडल्यास आम्ल उसळून काही आठवडे जळजळ वाढते, म्हणून ती डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्याने कमी करावी.