पांढरीतली हाडं

वरखेडीच्या बैलबाजारात घेणारा आधी बैलाचा जबडा उघडतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला (सगळे दात आलेला), त्यावर वय ठरतं आणि वयावर किंमत. प्राणी-पुरातत्त्वाचे, म्हणजे उत्खननात मिळणाऱ्या जनावरांच्या हाडांचे अभ्यासक हीच परीक्षा तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या जबड्यांची घेतात. मातीत पुढचे दात बहुधा निसटून गेलेले असतात, म्हणून ते दाढा पाहतात: कोणती उगवली होती, कोणती किती झिजली होती.

एका जनावराचं वय कळून फारसं हाती लागत नाही. पण पुष्कळ जबड्यांची वयं एकत्र मांडली की गावाचा व्यवहार दिसू लागतो. बहुतेक नर कोवळ्या वयात कापले गेले असतील, तर कळप दूध-मांसासाठी होता. नर म्हातारे होईपर्यंत जगले असतील, तर ते कामाला जुंपलेले होते. वर्षानुवर्षं ओढकाम केलेल्या बैलाची खुराजवळची हाडं रुंदावतात, सांध्यांच्या कडेनं जादा हाड वाढतं. लहानपणी खच्ची केलेल्या बैलाची लांब हाडं वळूपेक्षा सडपातळ आणि उंच होतात. लाकडी नांगर कधीच कुजून गेला, तरी त्याचा भार असा हाडात उरतो.

खानदेशात अशा जुन्या वस्त्यांची कमतरता नाही. तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे इथे १९५५ साली पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. गिरणाकाठचं बहाळ, साक्री तालुक्यातलं कावठे ही ताम्रपाषाण युगातली, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं एकत्र वापरात होती त्या काळातली, आणखी दोन गावं. जुन्या वस्तीची जागा आपल्याकडे पांढरी म्हणून ओळखली जाते. राख, शेण आणि हाडांतलं फॉस्फेट मुरल्यानं ती माती पिकाला मानवते, म्हणून ट्रॉल्या भरभरून शेतात नेली जाते. त्यात नाणं सापडलं तर जपून ठेवतात, हाडं बांधावर फेकली जातात. मला याचं फार वाईट वाटतं. नाणं राजाचं नाव सांगतं. त्या गावातल्या माणसाच्या ताटात काय होतं, हे फक्त त्या हाडांना ठाऊक असतं. आणि तेही ती ज्या थरात, ज्या चुलीजवळ पडली होती तिथेच मिळाली तर. सुरीचे बारीक काप, भाजल्याचा काळेपणा, कुत्र्यानं चावल्याच्या खुणा हे सगळं जागेसकट वाचावं लागतं.

पण खानदेशातला सगळ्यात थक्क करणारा प्राणिज अवशेष हाड नाहीच. चाळीसगावजवळचं पाटणे लोकांना पाटणादेवी आणि भास्कराचार्यांमुळे माहीत आहे. तिथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे आणि मणी मिळाले. वय सुमारे २५,००० वर्षं. शहामृग, आणि चाळीसगावात! त्या काळी भारतात शहामृगं होती. राजस्थान-मध्य प्रदेशातल्या कवचांमधून हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी काढलेला डीएनए आफ्रिकी शहामृगाशी जवळचं नातं दाखवतो. हा मोकळ्या गवताळ रानात धावणारा पक्षी. म्हणजे एका कवचातून खाणं, दागिना आणि तेव्हाचा भूप्रदेश, तिन्हींची वार्ता मिळते.

कवच जेमतेम दोन मिलिमीटर जाड असतं. त्याचा छोटा तुकडा तोडायचा, मधोमध भोक पाडायचं, मग असे तुकडे दोऱ्यात ओवून कडा दगडावर घासायच्या, की मणी गोल होतात. आफ्रिकेत शिकार आणि कंदमुळांवर जगत आलेले सान लोक असेच मणी करत आले आहेत. पाटण्याच्या एका तुकड्यावर तर आडव्या-तिरप्या रेघांची नक्षी कोरलेली आहे. भारतात इतरत्र मिळालेल्या अनेक कवचांवरची ‘नक्षी’ तपासाअंती नैसर्गिक झीज ठरली. पाटण्याची मात्र माणसानं कोरलेली मानली जाते. पोट भरल्यावरही त्या माणसाला काही करावंसं वाटलं, याचा हा पुरावा आपल्या जळगाव जिल्ह्यात मिळाला आहे.

पुढच्या काळाबद्दलही हाडं बोलतात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव या ताम्रपाषाण वस्तीच्या उत्खननावरून पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी मांडलं की इसवी सनपूर्व १०००च्या सुमारास पाऊस घटला, शेती आक्रसली आणि लोक शेळ्या-मेंढ्यांच्या मागे फिरू लागले. धुळ्याकडच्या ठेलारी मेंढपाळांचे कळप रानात बसलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे जगणं सहज डोळ्यांपुढे येईल. अडचण अशी की मेंढी आणि शेळी यांची बरीचशी हाडं इतकी सारखी असतात की अभ्यासक पुष्कळदा दोघींना एकाच गटात मोजतात.

आता दाताच्या कवचातला कार्बनही मोजता येतो. ज्वारी-बाजरी आणि उष्ण प्रदेशातली गवतं कार्बन एका रीतीनं बांधतात, झाडझुडपं दुसऱ्या. त्यामुळे जनावर गवतावर जगलं की पाल्यावर, हे दात सांगतो. गवत रानातलं होतं की धन्यानं टाकलेला कडबा, हे मात्र कार्बनवरून ओळखता येत नाही. त्यासाठी त्याच थरातले ज्वारीचे जळके दाणे शोधावे लागतात.