अंगातलं सीझियम मोजणं वेगळं, माणूस तपासणं वेगळं

प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवर अमेरिकेने अणुचाचण्या केल्या आणि तिथल्या काही लोकांना आपली बेटं सोडावी लागली. तिथे परतणाऱ्यांच्या बातम्यांत दोन तपासण्यांची सर्रास गल्लत होते.

पहिली होल बॉडी काउंटरची. माणसाला खुर्चीत बसवतात, डिटेक्टर काही मिनिटं त्याच्या शरीरातून येणारे गॅमा किरण मोजतो आणि अंगात सीझियम-१३७ हे अणुस्फोटातून आलेलं किरणोत्सारी द्रव्य किती आहे ते कळतं. प्लुटोनियम त्यात सापडत नाही, त्यासाठी लघवी तपासावी लागते. दुसरी तपासणी डॉक्टरांची : गळा चाचपून थायरॉइडची गाठ शोधणं, रक्त तपासणं, गरज पडली तर ऑपरेशन.

काउंटर सांगतो ते गेल्या काही महिन्यांच्या खाण्याबद्दल. प्रवाळी जमिनीत पोटॅशियम फार कमी, म्हणून नारळ, नीरफणस, केवडा त्याच्याऐवजी सीझियम शोषून घेतात. ते खाल्लं की माणसाच्या अंगात येतं, आणि मोठ्या माणसाच्या शरीरातून साधारण तीन-चार महिन्यांत निम्मं बाहेर पडतं. खाणं बदललं की आकडाही बदलतो, म्हणून हे मोजणं नियमित हवं. १९६८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी अणुचाचण्या झालेल्या बिकिनी बेटावर परतायला हरकत नाही असं जाहीर केलं, काही कुटुंबं गेलीही. पुढे त्यांच्या अंगातलं सीझियम वाढत चाललंय हे मोजणीतच दिसलं आणि १९७८ मध्ये त्यांना पुन्हा बेट सोडावं लागलं. झाडांना पोटॅश म्हणजे पोटॅशियमचं खत घातलं की सीझियमचं शोषण खूप घटतं, हेही बिकिनीवरच्याच प्रयोगांतून कळलं.

१ मार्च १९५४ ला काय झालं ते मात्र काउंटरला कळत नाही. त्या दिवशी बिकिनीवर झालेल्या १५ मेगाटनच्या ‘ब्राव्हो’ या चाचणी-स्फोटाची राख राँगेलॅप या दुसऱ्या बेटावर पडली आणि लोकांना हलवायला दोन दिवस गेले. तेवढ्यात किरणोत्सारी आयोडीन थायरॉइडमध्ये जाऊन बसलं. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं, काही महिन्यांत उरतही नाही. थायरॉइडच्या गाठी मात्र १९६३ पासून दिसू लागल्या. तेव्हा लहान असलेल्या बाईला आज काउंटरवर बसवलं तर आकडा अगदी कमी येऊ शकतो, आणि तरीही ऑपरेशननंतरच्या थायरॉइडच्या गोळ्या तिला जन्मभर घ्याव्या लागतात. कमी आकडा पाहून तिला ठणठणीत म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

अन्याय आणखी एका जागी आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची खास वैद्यकीय योजना १९५४ मध्ये राखेत सापडलेल्यांपुरती आहे. राँगेलॅपवर १९५७ मध्ये परतलेल्यांत त्या दिवशी बेटावर नसलेलेही बरेच होते. तेही तिथलेच नारळ खात राहिले, तरी या योजनेत त्यांना जागा नाही.