हिवाळी टायर, ऑल-सीझन टायर आणि मराठवाड्याची काळी

३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा खुला झाला आणि भर हिवाळ्यात मनालीहून लाहौलला उतरणं सोपं झालं. बर्फ पडला की तिथले पोलीस बऱ्याचदा फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. महिंद्राची नवी थार ही फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ असलेली गाडीही त्याच वर्षीची. तेव्हापासून लातूर-नांदेडकडची हौशी मंडळीही विचारू लागली आहेत, गाडीला हिवाळी टायर घालावेत की ऑल-सीझन, म्हणजे बारा महिने चालणारे? या दोन्ही टायरांचा जन्म आपल्यापासून फार लांब, थंड मुलखात झाला. तो कसा झाला हे कळलं की आपल्यासाठी निवड करणं अवघड राहत नाही.

फिनलंडमधल्या कारखान्याने, म्हणजे आजच्या नोकियनने, १९३४ मध्ये ट्रकसाठी खास हिवाळ्याचा टायर काढला. १९३६ मध्ये मोटारींसाठी ‘हाक्कापेलिट्टा’ आला. पुढे टायरला लोखंडी खिळे बसवले जाऊ लागले, पण ते डांबर उकरायचे. पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये त्यांवर बंदी घातली. जपानमध्ये उकरलेल्या डांबराच्या धुळीने लोक हैराण झाले आणि १९९० च्या सुमारास तिथेही कायदा झाला. खिळे गेले तेव्हा पकड रबरातूनच काढावी लागली. साधारण ७ अंशांखाली नेहमीचं रबर कडक होऊ लागतं. हिवाळी टायरचं मिश्रण अशा थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीतल्या ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात.

ऑल-सीझन ही अमेरिकेची गरज होती. वर्षातून दोनदा टायर बदलायचा लोकांना कंटाळा. गुडइयरने १९७७ मध्ये ‘टिएम्पो’ आणला आणि ही जात रुजली. भारतात जेके टायरचा रेडियल, म्हणजे आज सगळ्या मोटारींना असतो तसा टायर, त्याच वर्षीचा, हे लक्षात घेतलं तर दोन बाजारांतलं अंतर कळतं. अशा टायरवर ‘एम प्लस एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ, अशी खूण असते. ती फक्त नक्षीतल्या मोकळ्या जागेवरून मिळायची, बर्फावर चाचणी घेऊन नाही. म्हणून १९९९ मध्ये तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण अशी नवी खूण आली. ती मिळवायला टायरला बर्फावर ठरावीक पकड सिद्ध करावी लागते. जर्मनीत तर ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळ्यासाठी नुसती ‘एम प्लस एस’ चालत नाही.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कितीतरी एसयूव्ही टायरांवर ‘एम प्लस एस’ असतं आणि गिऱ्हाईक त्यातल्या चिखलावर विश्वास ठेवतं. हा विश्वास मला धोक्याचा वाटतो. बर्फाचा टायर नक्षीत बर्फ साठवून ठेवतो, कारण दाबलेला बर्फ खालच्या बर्फाला चांगला धरतो. आपली काळी नेमकी उलट वागते. बेसॉल्टपासून झालेल्या या मातीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि पिठाच्या गोळ्यासारखी चाकाला चिकटते. अरुंद खाचा दोन-चार फेऱ्यांत भरतात आणि टायर गोटा झाल्यासारखा घसरू लागतो. इथे माती बाहेर फेकणाऱ्या रुंद खाचा लागतात.

जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. लोखंडी धाव चढवलेलं बैलगाडीचं अरुंद चाक चिखल कापत खालच्या मुरमापर्यंत जायचं. नंतर आलेल्या जीपच्या लष्करी घडणीच्या टायरमध्येही तोच गुण होता. ६.०० बाय १६ चा तो अरुंद टायर, आडव्या जाड पट्ट्यांचा, पुढे-मागे दोन्हीकडे सारखाच ओढणारा. अर्थात मुरूम जवळ असेल तिथेच हे जमतं. गोदाकाठच्या खोल काळीत कुठलाही टायर लावा, वापसा येईपर्यंत पाणंदीत गाडी घालू नये.

दुसरी अडचण उन्हाची. परभणीला थंडीत कधीकधी पारा ५ अंशांखाली जातो, पण ते पहाटेचे काही तास. मे महिन्यात तिथेच ४४ अंश होतात आणि रस्ता त्याहून कितीतरी जास्त तापतो. अशा रस्त्यावर हिवाळी मिश्रण लवकर झिजतं आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. त्यात आता जालना-संभाजीनगरवरून जाणारा समृद्धीचा काँक्रीट रस्ता आहे, ताशी १२० ची वेगमर्यादा असलेला. तिथे टायर फुटून माणसं गेली आहेत. या वेगाला मऊ किंवा जुना टायर घालणं म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला लावणं.

संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये गुडइयरचे मोटारींचे टायर तयार होतात, बीकेटीचे शेतीच्या यंत्रांचेही. शेंद्र्यात २००१ पासून स्कोडा गाड्या जुळवते, म्हणजे ज्या मुलखात हिवाळी टायर घरोघरी असतात तिथली कंपनी. तरीही हिवाळी टायर इथल्या दुकानात क्वचित दिसतो, आणि ते योग्यच आहे.

रोजच्यासाठी चांगल्या कंपनीचा ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारा, किंवा रस्त्याचा टायर घ्यावा, आणि त्याची बनावटीची तारीख बघून घ्यावी. डिसेंबरात लाहौल गाठायचं असेल तर हिमकणाची खूण असलेला ऑल-टेरेन पाहावा आणि साखळ्या सोबत ठेवाव्यात. चारही टायर एकाच मापाचे, सारख्या झिजेचे हवेत, नाहीतर फोर बाय फोरच्या गिअरांवर ताण येतो. आणि चारही चाकं ओढतात म्हणून गाडी बर्फावर निघते खरी, पण ब्रेक मारल्यावर ती थांबवतो तो टायरच.