प्रत्यारोपणोत्तर यकृतविकारांचे निदान

अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला कावीळ झाली, पोट फुगले किंवा 'एलएफटी' (यकृताच्या कार्याची रक्ततपासणी) बिघडली, तर त्यामागचे कारण शोधण्याची ही प्रक्रिया. भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. आजही नाशिक जिल्ह्यातले अनेक रुग्ण उपचारांसाठी कसारा घाट उतरून मुंबई गाठतात.

निदानात सर्वांत आधी पाहावी ती प्रत्यारोपणाची तारीख. पहिल्या तीन आठवड्यांत धास्ती असते ती 'व्हीओडी'ची (व्हेनो-ऑक्लुसिव्ह डिसीज): प्रत्यारोपणाआधीच्या केमोथेरपीच्या जबर डोसाने यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होऊन त्या तुंबतात. बाल्टिमोर निकषांनुसार व्हीओडीचे निदान करायला २१ दिवसांच्या आत बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारे पिवळे द्रव्य) किमान २ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर हवे. शिवाय वाढलेले दुखरे यकृत, ५ टक्के वजनवाढ आणि जलोदर (पोटात पाणी साठणे) यांपैकी दोन लक्षणे हवीत. लहान मुलांत मात्र बिलिरुबिन न वाढताही हा विकार होतो. म्हणूनच वॉर्डात रोज त्याच काट्यावर वजन घेतात आणि बेंबीवरून टेप फिरवून पोटाचा घेर मोजतात. दिसायला साधी असली तरी ही नोंद मोलाची आहे. रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीत पोर्टल व्हेनमधला (यकृताकडे रक्त नेणाऱ्या मुख्य शिरेतला) प्रवाह उलटा दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असल्याने यकृताचा तुकडा काढायला पोटातून सुई घालणे धोक्याचे. अशी तुकड्याची तपासणी, म्हणजे बायोप्सी, लागलीच तर मानेच्या शिरेतून करतात.

दात्याच्या पेशी यकृतातल्या पित्तनलिकांवर उलटतात तो 'जीव्हीएचडी' (ग्राफ्ट-व्हर्सेस-होस्ट डिसीज). अंगावर पुरळ किंवा जुलाब असतील तर संशय बळावतो. बुरशीविरोधी औषधे आणि जंतुसंसर्गानेही कावीळ होते.

रुग्ण नाशिकला परतल्यावर महिन्यांनी डोळे पिवळे झाले, की घरचे लोक कावीळ उतरवायला किंवा गावठी औषधाला नेतात. हे टाळलेच पाहिजे, कारण मुळीपाल्याचे औषध यकृताला आणखी इजा करू शकते आणि नेमके कारणही झाकले जाते. जुनी, दबलेली हिपॅटायटिस बी याच काळात उसळू शकते. प्रतिकारशक्ती क्षीण असल्याने अँटिबॉडी चाचणी निगेटिव्ह येऊनही विषाणू असू शकतो. हिपॅटायटिस ई बाबतही तेच. अशा वेळी पीसीआर (विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या) चाचणीने विषाणू थेट शोधावा लागतो. स्थानिक डॉक्टरांपुढे प्रत्यारोपणाची फाइल, दाता कोण याची नोंद आणि चालू गोळ्यांची यादी ठेवावी, आणि त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करावा.