परभाषेतला पत्ता स्पर्धेत का अडवला जातो?

मॅजिक: द गॅदरिंग हा ट्रेडिंग कार्ड गेम, म्हणजे पत्ते जमवून त्यांतून आपली गड्डी रचून खेळायचा खेळ. त्याचा 'अपोकॅलिप्स' हा नव्या पत्त्यांचा संच २००१ साली आला. तो दुकानांत पोहोचण्याआधी ज्या पूर्वस्पर्धा भरल्या, त्यांच्यासाठी 'फंगल शॅम्बलर' नावाचा एक खास पत्ता काढला होता आणि त्यावरचा मजकूर चक्क संस्कृतात होता. त्या काळात प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्टने असे बरेच प्रयोग केले. 'रेजिंग कावू' लॅटिनमध्ये आला, 'क्वेस्टिंग फेल्डाग्रिफ' प्राचीन ग्रीकमध्ये, 'स्टोन-टंग बॅसिलिस्क' अरबीत. ज्या प्रकारच्या स्पर्धेत फंगल शॅम्बलरला मुभा आहे, तिथे त्याची संस्कृत प्रत आजही टेबलावर ठेवता येते. समोरच्याला त्यातलं एक अक्षर लागलं नाही तरी परीक्षक ती बाहेर काढत नाहीत.

आता यु-गि-ओ या अशाच दुसऱ्या, जपानी खेळाचा एक पत्ता घ्या. आशियातल्या बाजारपेठेसाठी कोनामी कंपनीनेच अधिकृतपणे छापलेला, मजकूर स्वच्छ इंग्रजीत. अमेरिकेतल्या अधिकृत स्पर्धेत मात्र तो चालत नाही. संस्कृत चालतं आणि इंग्रजी चालत नाही, हे कोडं सोडवायचं तर गेल्या तीस वर्षांत हे खेळ कसे वाढले ते बघावं लागतं.

आपल्या नेहमीच्या बावन्न पत्त्यांत हा प्रश्नच येत नाही. बदामसात खेळताना सत्ती कुठल्याही देशात सत्तीच असते. या ट्रेडिंग कार्ड गेममध्ये मात्र बहुतेक पत्त्यांवर दोन-चार ओळींचा मजकूर असतो आणि तो मजकूर म्हणजेच त्या पत्त्यापुरता नियम. समोरच्याने टाकलेला पत्ता मला वाचता येत नसेल, तर मी ज्या नियमाने हरणार आहे तो नियमच मला ठाऊक नाही. भाषेवरच्या निर्बंधाची बाजू इथे भक्कम आहे आणि ती मला मनापासून पटते. विशेषतः दहा-बारा वर्षांची मुलं खेळतात अशा स्पर्धांत तर नक्कीच, कारण 'हा पत्ता असं करतो' असं ठासून सांगणाऱ्या मोठ्या खेळाडूला ती हटकत नाहीत.

मॅजिक ऑगस्ट १९९३ मध्ये अमेरिकेत इंग्रजीतून सुरू झाला. वर्षभरातच, ऑगस्ट १९९४ मध्ये, मिलवॉकीला त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि तिच्या अंतिम फेरीत अमेरिकेचा झॅक डोलन फ्रान्सच्या बर्ट्रां लेस्त्रेसमोर बसला होता. खेळ युरोपात किती वेगाने पसरला हे त्यावरून कळतं. त्याच सुमारास इटालियन, फ्रेंच आणि जर्मन आवृत्त्या निघाल्या. त्यांची पहिली छपाई काळ्या किनारीची होती, तर तोच संच इंग्रजीत पांढऱ्या किनारीचा. संग्राहकांत काळ्या किनारीला मान होता, त्यामुळे परभाषेतला पत्ता सुरुवातीपासूनच हौसेने मिरवायची वस्तू ठरला. १९९५ मध्ये 'लेजंड्स' हा संच इटालियनमध्ये आला तेव्हा आणखी एक गोष्ट घडली. इंग्रजी लेजंड्सचे दुर्मीळ पत्ते ज्यांच्या आवाक्याबाहेरचे होते, त्यांना इटालियन प्रती तुलनेने स्वस्त पडत. जुन्या पत्त्यांच्या स्पर्धांत इटालियन न येणाऱ्यांच्या हातीही इटालियन पत्ते दिसतात, त्यामागे बऱ्याचदा हा साधा हिशेब असतो.

हे शक्य झालं ते दोन निर्णयांमुळे. पहिला निर्णय पाठीचा. मॅजिकचा पत्ता जपानीत असो की जर्मनमध्ये, त्याची मागची बाजू तीच राहिली, १९९३ चीच इंग्रजी अक्षरं असलेली. पाठ वेगळी असली की गड्डीतला वरचा पत्ता कुठला ते न उलटताच कळतं, म्हणजे तो खुणेचा पत्ताच झाला. मॅजिकमध्ये ती अडचण उभीच राहिली नाही.

दुसरा निर्णय अधिक खोलवर जाणारा आहे. मॅजिकमध्ये पत्त्यावर काय छापलंय याला अंतिम मान नाही. प्रत्येक पत्त्याचा एक अधिकृत मजकूर असतो, त्याला ओरॅकल म्हणतात, आणि वाद झाला की परीक्षक तोच मजकूर मानतात. खेळाच्या नियमावलीत तर असंही लिहिलं आहे की पत्त्यावर नाव कुठल्याही भाषेत असलं तरी त्याचं इंग्रजी नावच त्याचं नाव धरावं. म्हणजे इटालियन पत्त्यावरचं इटालियन नाव कायद्याने नाव नव्हेच! त्यामुळे स्पर्धेच्या नियमांना भाषेवर सरसकट बंदी घालायची गरज पडली नाही. तिथे फक्त एक अट आहे: अनोळखी भाषेचा किंवा दिशाभूल करणाऱ्या चित्राचा फायदा उठवण्यासाठी असा पत्ता वापरता येणार नाही. चित्राचा उल्लेख उगाच नाही. चीनसाठी छापलेल्या काही पत्त्यांवर सांगाडे आणि हाडं काढून वेगळी चित्रं घातली होती, त्यामुळे ओळखीचा पत्ताही पटकन ओळखू येत नसे. शंका आली तर हात वर करायचा आणि परीक्षकाकडे अधिकृत मजकूर मागायचा. खेळ थोडा रेंगाळतो, पण कुणाचा पत्ता बाद होत नाही.

या व्यवस्थेत सगळं ओझं इंग्रजी मजकुरावर पडतं हेही खरं. जपानी खेळाडू आयुष्यभर जपानी पत्त्यांनी खेळला तरी वादाच्या क्षणी निवाडा इंग्रजीकडे जातो. मला हे थोडं खुपतं. तरीही निवाडा कुठे होणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं, याची किंमत मोठी आहे.

यु-गि-ओचा जन्मच वेगळा. तो जपानात फेब्रुवारी १९९९ मध्ये सुरू झाला आणि उत्तर अमेरिकेत मार्च २००२ मध्ये पोहोचला. मधली तीन वर्षं जपान पुढे निघून गेला होता. अमेरिकेत संच जपानच्या क्रमाने आले नाहीत, एकत्र करून, निवडून आले. आशियातल्या शाखेला ओसीजी म्हणू लागले आणि उरलेल्या जगातल्या शाखेला टीसीजी. दोन्हींची पाठ वेगळी.

खरी गुंतागुंत झाली ती भाषांतरात, आणि या सगळ्या इतिहासातला माझ्या मते सर्वांत रंजक भाग तोच आहे. यु-गि-ओमध्ये पत्त्याचं नाव नुसतं ओळखीसाठी नसतं. 'ज्याच्या नावात अमुक शब्द आहे तो पत्ता गड्डीतून काढा' असे कितीतरी पत्ते आहेत. जपानीत एका जुन्या गाजलेल्या राक्षसाच्या नावात 'डेमन' हा शब्द होता. इंग्रजीत आणताना त्याचं नाव 'समन्ड स्कल' ठेवलं, आणि तो शब्द गेला. तेव्हा त्याने काही बिघडलं नाही. पुढे जपानात 'डेमन' नावाच्या पत्त्यांचं एक अख्खं कुटुंब आलं. २००३ मध्ये ते इंग्रजीत 'आर्चफीन्ड' म्हणून उतरलं. आता जपानी खेळाडूच्या हातातला तो जुना राक्षस नावानेच त्या कुटुंबात मोडत होता आणि अमेरिकन खेळाडूच्या हातातला तोच राक्षस नावाने परका ठरत होता. शेवटी समन्ड स्कलच्या मजकुरातच एक ओळ घालावी लागली, की हा पत्ता नेहमी आर्चफीन्ड समजावा.

बेडकांची गोष्ट याच्या नेमकी उलटी. जपानी बेडूक-कुटुंबाच्या नावात 'गाएरू' असं येतं. एका जुन्या पत्त्याच्या नावात मात्र 'काएरू' होतं. अर्थ बेडूकच, पण अक्षर 'का', 'गा' नव्हे, त्यामुळे जपानीत तो त्या कुटुंबाबाहेर. इंग्रजीत दोन्हीकडे 'फ्रॉग' झालं. 'फ्रॉग द जॅम' नावाचा तो पत्ता न मागता कुटुंबात घुसला आणि त्याला बाहेर ठेवण्यासाठी बाकीच्या पत्त्यांवर 'फ्रॉग द जॅम सोडून' असं छापत बसावं लागलं. पुढे त्याचं नावच बदलून 'स्लाइम टोड' केलं. एका अक्षराच्या फरकाने केवढा उपद्व्याप! क आणि ग यांतला भेद मराठी कानाला सहज कळतो, इंग्रजी भाषांतरात तो पार पुसला गेला.

चित्रंही बदलली. मेलेल्या राक्षसाला परत आणणाऱ्या 'मॉन्स्टर रीबॉर्न'वर जपानीत प्राचीन इजिप्तचं अंख हे चिन्ह होतं, इंग्रजी आवृत्तीत ते काढून टाकलं. धार्मिक चिन्हं, बंदुका, तोकडे कपडे यांवर अमेरिकेसाठी अशीच कात्री चालली. त्यामुळे दोन शाखांचे पत्ते शेजारी ठेवले तर नाव वेगळं, चित्र वेगळं, पाठ वेगळी.

मजकूर लिहिण्याची पद्धतही पुढे वेगळी झाली. २०११ पासून टीसीजीने विरामचिन्हांनाच नियमाचा दर्जा दिला. अपूर्णविरामाच्या आधी जे येतं ती पत्ता वापरण्याची अट. अर्धविरामाच्या आधी जे येतं तो खर्च किंवा लक्ष्याची निवड, म्हणजे पत्ता जाहीर करतानाच करायची कामं. त्यानंतर उरतो तो परिणाम. जपानीने आपला वेगळा मार्ग धरून परिणामांना वर्तुळातले आकडे दिले. सप्टेंबर २०१३ मध्ये तर दोन्ही शाखांच्या बंदी असलेल्या पत्त्यांच्या याद्याही वेगळ्या झाल्या. तिथून पुढे टोकियोत चालणारी गड्डी लॉस एंजेलिसमध्ये जशीच्या तशी चालेलच असं राहिलं नाही, मग भाषा कुठलीही असो.

इतकं सगळं मान्य करूनही आशियाई इंग्रजी पत्त्याचं काय, हा प्रश्न राहतोच. तो अमेरिकन खेळाडूला वाचता येतो. पाठ वेगळी आहे खरी, पण आजकाल बहुतेक खेळाडू पत्त्यांना अपारदर्शक स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकचं आवरण, घालूनच खेळतात. म्हणजे तो अडतो तो भाषेवर नाही, बाजारपेठेवर. संच आशियात आधी येतो, कित्येकदा काही महिने आधी. जपानात साध्या छपाईत मिळणारा पत्ता टीसीजीत दुर्मीळ छपाईत येऊ शकतो. परदेशातून मागवलेले पत्ते खुले केले, तर स्थानिक दुकानातून पत्त्यांची पाकिटं घ्यायचं कारण उरत नाही आणि ज्याला परवडतं तोच नवे पत्ते आधी मिळवून जिंकतो. यातला दुसरा मुद्दा खेळाडूंच्याच हिताचा आहे. फक्त त्याला भाषेचा नियम म्हणू नये. खेळाडूंना खरं कारण सरळ सांगितलं तर ते समजून घेतात, असा माझा विश्वास आहे.

पोकेमॉनच्या पत्त्यांच्या खेळाची वाट थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर १९९६ मध्ये जपानात, जानेवारी १९९९ मध्ये इंग्रजीत. इंग्रजी आवृत्ती काढली ती मॅजिकवाल्या विझर्ड्सनेच, पण इथे पाठ जपानीपेक्षा वेगळी ठेवली गेली. पुढे जपाननेही आपली पाठ बदलली. २००३ मध्ये कामकाज पोकेमॉनच्या स्वतःच्या कंपनीकडे गेलं. आज नियम असा की ज्या देशात स्पर्धा, तिथे मान्य असलेल्या भाषेतलेच पत्ते. अमेरिकेत जपानी पत्ता चालत नाही आणि जपानात इंग्रजी चालत नाही. 'वन पीस'सारख्या नव्या खेळांनी तर पहिल्या दिवसापासूनच इंग्रजी आणि जपानी स्पर्धांच्या भिंती वेगळ्या बांधल्या.

यात अडकतात ती देश बदलणारी माणसं. नोकरीसाठी टोकियोत राहून परतलेल्याच्या मुलाकडे दोन-तीन वर्षांत जमवलेले जपानी पोकेमॉन पत्ते असतात. मित्रांबरोबर घरी खेळायला ते उत्तम, पण इंग्रजी पत्त्यांच्या अधिकृत स्पर्धेत त्यांचा उपयोग नाही. मराठी मुलाला तर हे खेळ कुठल्याही बाजूने परभाषेतच भेटतात, कारण यांतल्या एकाही खेळाचा पत्ता मराठीत निघालेला नाही. देवनागरीशी नातं असलेला म्हणून दाखवावा असा तो फंगल शॅम्बलर, तोही संस्कृतातला.

जागतिक स्पर्धेत या भिंती वाकवाव्याच लागतात. पोकेमॉनच्या जागतिक स्पर्धेत जपानी खेळाडू जपानी पत्ते घेऊन बसतात आणि समोरचा इंग्रजी घेऊन. यु-गि-ओची जागतिक स्पर्धा २००३ पासून भरते. तिथे दोन्ही शाखांचे खेळाडू एकत्र येतात म्हणून त्या स्पर्धेपुरती पत्त्यांची वेगळी यादी ठरवतात. वर्षभर एकमेकांचे पत्ते बाद ठरवणारे नियम तिथे बाजूला राहतात, आणि तरीही खेळ नीट चालतो, कारण त्या टेबलावरच्या दोघांनाही प्रत्येक पत्ता तोंडपाठ असतो. स्थानिक दुकानात शनिवारी पहिल्यांदाच स्पर्धेला बसलेल्या मुलाचं तसं नसतं.

२०२२ च्या जानेवारीत आलेल्या 'मास्टर ड्युएल' या संगणकावरच्या यु-गि-ओमध्ये समोरचा खेळाडू जपानीत वाचत असला तरी मला त्याचा प्रत्येक पत्ता इंग्रजीत दिसतो, आणि बंदीची यादीही दोघांसाठी एकच असते. कागदी पत्त्यांच्या टेबलावर मात्र परीक्षक अजूनही आधी पाठ बघतात, मग भाषा.