उच्च रक्तदाब: १४०/९० ही रेघ कुठून आली?

‘मला बीपी आहे’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. खरं तर बीपी प्रत्येकालाच असतं. धमनीतून वाहणारं रक्त तिच्या भिंतीवर जो दाब देतं, तो रक्तदाब. हृदय आवळून रक्त पुढे ढकलतं तेव्हा तो सर्वांत जास्त असतो: हा वरचा आकडा, सिस्टोलिक. दोन ठोक्यांमध्ये हृदय सैल पडतं तेव्हा जो उरतो तो खालचा, डायस्टोलिक. हा दाब सतत चढा राहिला की डॉक्टर त्याला हायपरटेन्शन म्हणतात. दुखत-खुपत काही नाही, त्यामुळे आजार आहे की नाही हे आकडाच सांगतो. म्हणूनच १४०/९०च्या पुढे आजार ही रेघ कुणी आणि कशाच्या आधारावर ठरवली, हे माहीत असायला हवं.

रक्तदाब प्रथम मोजला गेला तो घोडीचा. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने तिच्या धमनीत पितळी नळी घालून तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त आठ फुटांहून वर चढलं. हा प्रयोग १७३३ साली प्रसिद्ध झाला. एवढी उंच नळी माणसाला लावणार कशी? पुढे रक्ताऐवजी पारा वापरात आला. पारा रक्ताच्या जवळपास तेरापट जड, त्यामुळे दीड मीटर उंच रक्ताचं काम १२० मिलिमीटर पारा करतो. आज मशीन इलेक्ट्रॉनिक असलं, तरी आकडा पाऱ्याच्याच मिलिमीटरमध्ये सांगतात तो यामुळे.

दंडावर बांधायचा हवेचा पट्टा १८९६ साली इटलीच्या रिव्हा-रोची यांनी आणला. पट्टा फुगवत न्यायचा आणि मनगटाची नाडी कधी लागेनाशी होते ते बघायचं. यातून फक्त वरचा आकडा मिळायचा. १९०५ साली रशियन सर्जन निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप ठेवला. आवळलेल्या धमनीतून आवाज येत नाही. हवा हळूहळू सोडली की रक्त धक्क्याने आत शिरू लागतं आणि टकटक ऐकू येते, तो वरचा आकडा. धमनी पुरती मोकळी झाली की आवाज थांबतो, तो खालचा. एक पानही न भरणाऱ्या त्यांच्या टिपणावर पुढची शंभर वर्षं जगभरचे दवाखाने चालले.

मोजता आलं, पण चढा दाब वाईटच, हे मात्र कितीतरी वर्षं मान्य नव्हतं. वयाबरोबर धमन्या कडक होतात, मग रक्त पोचवायला दाब वाढणारच, तो उतरवला तर अपायच होईल, असं मोठमोठे हृदयतज्ज्ञ मानत. ‘वयात शंभर मिळवा, वरचा आकडा तेवढा चालतो’ हा हिशेब तेव्हाचाच. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४मध्ये १८६/१०८ होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दिवशी ३००/१९०. देशातले उत्तम डॉक्टर हाताशी होते, पण द्यायला धड औषधच नव्हतं.

इथे मुंबईचं नाव अभिमानाने घ्यायला हवं. केईएम रुग्णालयातले हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाब उतरवणाऱ्या सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीची ५० रुग्णांवर पद्धतशीर चाचणी घेतली आणि १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात निष्कर्ष छापले. मुळी भारतीय वैद्यकाला जुनीच. मापं घेऊन, नोंदी ठेवून जगापुढे मांडण्याचं मोठं काम वकिलांनी केलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढण्यात आलं, आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेतला लास्कर हा मानाचा वैद्यकीय पुरस्कार मिळाला. रिसर्पिनने काहींना नैराश्य येतं हे पुढे दिसलं आणि त्याचा वापर ओसरला.

औषधं आली तसा रेघेचा प्रश्न ऐरणीवर आला. रक्तदाब उंचीसारखा असतो, सलग चढत जाणारा, त्यात निरोगी आणि आजारी अशी नैसर्गिक फट नाही, असं ब्रिटनचे जॉर्ज पिकरिंग १९५०च्या दशकात ठासून सांगत होते. रॉबर्ट प्लॅट यांना तो वेगळा, आनुवंशिक आजार वाटे. पिकरिंग बरोबर ठरले. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८पासून ५,२०९ लोकांचा मागोवा घेतला गेला. दाब जितका जास्त तितका हृदयविकाराचा धोका जास्त, हे त्यातून दिसलं. १९६७ साली १४३ माजी सैनिकांवरच्या चाचणीत नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांत गंभीर प्रसंग २७, खरं औषध मिळालेल्यांत २.

तेव्हापासून जसजसा पुरावा आला, तशी रेघ खाली सरकली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७८ साली १६०/९५ धरली होती, नव्वदच्या दशकात १४०/९० रूढ झाली. २०१७ साली अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी ती १३०/८० केली, आणि तिथल्या रुग्णांचं प्रमाण प्रौढांच्या ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेलं. त्याच वर्षी भारतात सुरू झालेल्या सरकारी नियंत्रण कार्यक्रमात १४०/९०च कायम ठेवली. पहिल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. मला हा निर्णय पटतो: ज्यांचा दाब १६०-१८० आहे अशा कितीतरी लोकांपर्यंत गोळी अजून पोचायची आहे, आधी ते.