एमसीबी पडला नाही, मग सॉकेट जळलं कसं?

गेल्या थंडीत आमच्या घरात दोन-तीन दिवस सकाळी सकाळी सुक्या मासळीचा वास यायचा. आई म्हणाली शेजारी सुकट भाजत असतील, पण शेजारचे तर माळकरी! चौथ्या दिवशी गिझरची पिन काढायला गेलो तर निघेचना. मेन बंद करून जोरात ओढली तर सॉकेटचा तुकडाच सोबत आला, एका भोकाभोवती चहाच्या डागासारखं तपकिरी कडं आणि आतली पितळी पट्टी काळी ठिक्कर. एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) मात्र एकदाही पडला नव्हता.

वायरमन आला, बघितलं आणि म्हणाला "लूज कॉन्टॅक्ट". आपण हा शब्द इतक्यांदा ऐकतो की त्यात काय एवढं असं वाटतं, पण गणित करून बघितलं तर घाम फुटतो. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपियर करंट घेतो. पिन आणि पट्टी घट्ट बसली असेल तर तिथला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, जवळपास शून्य. पट्टीचा ताण गेला, पिन कशीबशी टेकून राहिली आणि रेझिस्टन्स नुसता एक तृतीयांश ओहम झाला, तरी करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स या हिशोबाने तिथे 25 वॅट उष्णता तयार होते. 25 वॅट म्हणजे रेडिओ दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंग आयर्न, तेच प्लास्टिकच्या डबीत कोंबून चालू ठेवल्यासारखं झालं की.

आता एमसीबी का पडत नाही? त्याला फक्त करंट किती जातोय तेवढंच कळतं, पिन किती तापलीय हे कळत नाही. गिझरच्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण 26 ओहम, त्यात हा तिसरा हिस्सा ओहम वाढला की करंट उलट किंचित कमीच होतो, त्यामुळे एमसीबीच्या दृष्टीने सगळं एकदम मस्त चाललेलं असतं! आरसीसीबीचंही तेच, तो करंट बाहेर गळतोय का एवढंच बघतो, इथे गळती कुठेच नाही.

आणि हे प्रकरण आपोआप वाढत जातं. तापलं की धातूवर ऑक्साइड चढतं, ऑक्साइडमुळे रेझिस्टन्स वाढतो, मग अजून तापतं, रोज तापून-गार होऊन स्क्रूही ढिले होतात. नेहमीच्या पीव्हीसी वायरचं आवरण 70 डिग्रीपर्यंतच्या वापरासाठी असतं, त्याच्या पुढे ते मऊ पडायला लागतं. प्लास्टिक जळून उरलेला कोळसा वीज वाहून नेतो, मग शेवटी शेवटी खरंच शॉर्ट होतो आणि तेव्हा कुठे एमसीबी पडतो, तोपर्यंत कधी कधी पडदा पेटलेला असतो. पेपरात "शॉर्ट सर्किटमुळे आग" असं वाचलं की मला हल्ली वाटतं, शॉर्ट हा शेवटचा अंक असेल, नाटक आधीच सुरू झालेलं असणार. बाय द वे, तो मासळीचा वास सॉकेटच्या प्लास्टिकचा, काही प्रकारचं प्लास्टिक तापलं की अमाईन जातीचे वायू सुटतात आणि मासळीचा वासही अमाईनचाच.

आपल्याकडे पिन ढिली झाली की चिरेवाली पितळी पिन सुरीने फाकवायची किंवा भोकात काडेपेटीची काडी खुपसायची, ही विद्या घरोघरी आहे (आमच्याकडे बाबा एक्स्पर्ट). पण बहुतेक वेळा दोष सॉकेटच्या पट्टीचा असतो, ते सॉकेट सरळ बदलायचं, आणि जळकी पिन नव्या सॉकेटात घालायची नाही, ती नव्यालाही जाळते. गिझर, इस्त्री, इंडक्शन असल्या भुकेल्या वस्तू 6 अँपियरच्या एक्स्टेंशनवर लावायच्याच नाहीत, त्यांना भिंतीतलं 16 अँपियरचंच सॉकेट. वायरमन वायरच्या दोन-चार तारा छाटून बाकीच्या भोकात बसवत असेल तर तिथेच थांबवा, उरलेल्या तारांवर तेवढाच लोड येतो.

तपासायची पद्धत फुकटातली आहे. वस्तू दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, मग स्विच बंद करून, कोरड्या हाताने पिन काढा आणि पाठीमागून चाचपा. कोमट असेल तर ठीक, बोट ठेववत नसेल तर ते सॉकेट आजच बाद. आणि पेटलंच कधी तर आधी मेन बंद, पाणी मारायचं नाही.

आमचं नवीन सॉकेट बसून वर्ष होत आलं, आई अजून रोज आंघोळीआधी स्विच बंद करून पिनला हात लावून बघते, आणि सुकटाचा वास आला की आधी बोर्डाकडे जाते, मग खिडकीकडे.